लेझरने हवेतले जैविक कण ओळखणं: नाशिकमधून नेहमी विचारले जाणारे प्रश्न

द्राक्ष बागायतदार, सातपूर-अंबडकडच्या कारखान्यांत क्वालिटी कंट्रोल सांभाळणारी मंडळी, दमेकरी मुलांचे आईवडील आणि एमएस्सीचे विद्यार्थी हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. हे तंत्र म्हणजे लेझर-प्रेरित प्रतिदीप्ती: हवेतल्या कणावर लेझर टाकायचा आणि तो किती चमकतो ते मोजायचं. उत्तरं वाचण्याआधी माझं मत स्पष्ट सांगतो. आत्ता, या मिनिटाला हवेत जैविक वाटणारे कण किती आहेत हे सांगण्यात या तंत्राचा हात दुसरं काही धरत नाही. ते कण नेमके कोणाचे आहेत हे मात्र त्याला एकट्याने सांगता येत नाही. हा फरक लक्षात ठेवून वापरलं तर नाशिकच्या शेतीला आणि आरोग्याला या तंत्राचा मोठा उपयोग आहे.

हवेतले जैविक कण म्हणजे नेमकं काय?

परागकण, बुरशीचे बीजाणू, जिवाणू, विषाणू, कोंडा आणि त्वचेचे पापुद्रे, पानांचा चुरा, कीटकांचे बारीक तुकडे. यांच्या आकारात जमीन-अस्मानाचा फरक असतो. परागकण साधारण १० ते १०० मायक्रॉनचे असतात. बुरशीचे बरेचसे बीजाणू २ ते १० मायक्रॉनचे असतात, काही त्याहून बरेच मोठे. जिवाणू १ मायक्रॉनच्या आसपास. विषाणू तर ०.१ मायक्रॉनच्या घरात, पण ते सहसा एकटे न फिरता थुंकीच्या किंवा शेंबडाच्या थेंबातून प्रवास करतात. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास जाड असतो, त्यावरून अंदाज यावा.

गाजर गवताचा परागकण १५ ते २० मायक्रॉनचा असतो. पावसाळा संपता संपता नाशिकच्या मोकळ्या प्लॉटवर आणि रेल्वेलाइनच्या कडेने हे गवत कसं माजतं ते तुम्ही पाहिलंच असेल.

लेझर टाकल्यावर हे कण चमकतात म्हणजे काय होतं?

काही रेणू कमी तरंगलांबीचा प्रकाश शोषून घेतात आणि काही नॅनोसेकंदांत जास्त तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकतात. यालाच प्रतिदीप्ती किंवा फ्लुरोसन्स म्हणतात. स्टोक्स या शास्त्रज्ञाने १८५२ मध्ये क्विनाइनच्या द्रावणावर याचा सविस्तर अभ्यास केला होता.

सजीव पेशींत असे रेणू मुळातच असतात, बाहेरून रंग टाकावा लागत नाही. प्रथिनांतलं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल २८० नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश घेतं आणि ३५० च्या आसपास उत्सर्जन करतं. पेशीच्या चयापचयातलं एनएडीएच ३४० ला शोषतं आणि ४५० च्या जवळ निळसर चमकतं. फ्लेविन, म्हणजे रायबोफ्लेविनचं कुटुंब, ४५० ला शोषून ५२० ते ५३० ला हिरवट प्रकाश देतं. वनस्पतींच्या तुकड्यांतलं हरितद्रव्य ६८० च्या आसपास लाल चमकतं. परागकणांच्या कवचातली रंगद्रव्यं आणि फिनॉलिक पदार्थही चमकतात, म्हणून परागकण या यंत्राला सहसा ठळक दिसतात.

घरी बघायचं असेल तर ३६५ नॅनोमीटरचा यूव्ही टॉर्च घ्या आणि खोलीत अंधार करा. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापलेली नोट त्याखाली धरली की नंबरचे आकडे आणि कागदातले बारीक तंतू चमकून उठतात. स्पिरिटमध्ये चिमूटभर हळद घातली तर हिरवट-पिवळी चमक दिसते. द्राक्षाचं पान स्पिरिटमध्ये चुरगळून गाळलं तर हिरवा अर्क टॉर्चखाली लालसर दिसतो. हा लाल रंग पहिल्यांदा पाहणारा प्रत्येक विद्यार्थी टॉर्च बंद-चालू करून खात्री करून घेतो. टॉर्चकडे मात्र थेट बघू नका आणि लहान मुलांच्या हातात तो देऊ नका.

यंत्राच्या आत एका कणाचं काय होतं?

पंप बाहेरची हवा एका बारीक तोटीतून ओढतो. तिच्याभोवती गाळलेल्या स्वच्छ हवेचं आवरण सोडलेलं असतं, त्यामुळे कण इकडेतिकडे न भरकटता एकामागोमाग एक, रांगेत पुढे जातात. आधी ते साध्या लाल लेझरच्या झोतातून जातात. कण झोतात शिरला की प्रकाश विखुरतो आणि किती विखुरला यावरून आकार कळतो. काही यंत्रांत एकापाठोपाठ दोन झोत असतात आणि ते पार करायला लागलेल्या वेळावरून आकार काढतात.

तो लाल विखुराच पुढच्या भागाला इशारा देतो की कण आला. लगेच अतिनील लेझरचा एक स्पंद त्या कणावर पडतो. आरसे त्याची चमक गोळा करतात, फिल्टर नको तो प्रकाश अडवतात आणि फोटोमल्टिप्लायर ही अत्यंत संवेदनशील नळी मोजमाप करते. कण झोतात असतो जेमतेम काही मायक्रोसेकंद. तेवढ्यात त्याचा आकार आणि तरंगलांबीच्या एक किंवा अधिक पट्ट्यांतली चमक यांची नोंद होते. काही यंत्रं कण गोल आहे की लांबट हेही टिपतात.

यूव्ही-एपीएस नावाचं यंत्र ३५५ नॅनोमीटरचा लेझर वापरतं. विब्स हे दुसरं प्रसिद्ध यंत्र आकारासाठी लेझर वापरतं, पण चमकवण्यासाठी २८० आणि ३७० नॅनोमीटरचे झेनॉन दिव्यांचे फ्लॅश मारतं. म्हणजे नाव ‘लेझर-प्रेरित’ असलं तरी या कुटुंबातलं प्रत्येक यंत्र अतिनील लेझरच वापरतं असं नाही.

कोणता कण ‘चमकला’ म्हणायचा, ही रेषा वापरणाऱ्याने आखायची असते. कण नसताना यंत्राचा रिकामा कोश किती प्रकाश दाखवतो ते आधी मोजतात. त्याची सरासरी अधिक प्रमाण विचलनाच्या (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत त्या मापाच्या) तिप्पट, ही रूढ सीमारेषा आहे. धुरकट हवेत बरेच जण ती नऊपटीवर नेतात. ही रेषा कुठे आखली हे न सांगता कोणी आकडा दाखवला तर त्या आकड्यावर विसंबू नका.

हे तंत्र आलं कुठून?

लष्करातून. जैविक हल्ला झाला तर प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट बघायला वेळ नसतो, म्हणून १९९० च्या दशकात अमेरिका, कॅनडा, ब्रिटन यांनी या संशोधनावर जोर दिला. २००१ मध्ये अमेरिकेत अँथ्रॅक्सची पत्रं टपालातून गेली आणि ५ जण दगावले, त्यानंतर त्याला आणखी वेग आला. हवामान, परागकण, औषधनिर्मिती या वाटा पुढे खुल्या झाल्या.

शहरात बसवलेल्या हवा-गुणवत्तेच्या केंद्रांवर हे मोजतात ना?

नाही. तिथे पीएम २.५ आणि पीएम १० म्हणजे एका घनमीटर हवेतल्या अनुक्रमे २.५ आणि १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचं वजन मोजतात. आपल्याकडे २४ तासांच्या सरासरीची मर्यादा अनुक्रमे ६० आणि १०० मायक्रोग्रॅम आहे. त्या वजनात माती किती, काजळी किती आणि बीजाणू किती हे कळत नाही. शिवाय बरेच परागकण १० मायक्रॉनपेक्षा मोठे असल्याने ते या मोजणीतून जवळपास निसटतातच. म्हणून आकडा ‘समाधानकारक’ दाखवत असतानाही एखाद्याला शिंकांनी हैराण केलेलं असू शकतं.

उदबत्ती, कापूर, डिझेलचा धूर... यंत्र फसत नाही का?

फसतं, आणि आपल्या गावांत फसायची कारणं खूप आहेत. अपूर्ण ज्वलनातून बहुचक्रीय सुगंधी हायड्रोकार्बन तयार होतात आणि ते अतिनील प्रकाशात चमकतात. डिझेलची काजळी, उदबत्ती, सिगारेट, जळणारा पालापाचोळा, सगळे याच गटातले. कपड्यांच्या पावडरीत पांढरेपणासाठी चमकणारी द्रव्यं घातलेली असतात, त्यामुळे धुतलेल्या पांढऱ्या सदऱ्याचा एक तंतूही यंत्राला ‘जैविक’ वाटू शकतो. कागदाच्या धुळीचं तेच.

थोडी सुटका आकारामुळे होते. धुराचे बहुतेक कण १ मायक्रॉनहून लहान असतात, त्यामुळे विश्लेषण करताना १ मायक्रॉनखालचे कण बाजूला ठेवले की बरीच गर्दी कमी होते. पण मग काही जिवाणूही हातचे जातात. दुसरा मार्ग म्हणजे एकाहून अधिक पट्ट्या एकत्र वाचणं. ट्रिप्टोफॅनच्या पट्टीत आणि एनएडीएचच्या पट्टीत एकाच वेळी चमकणारा ३ मायक्रॉनचा कण आणि एकाच पट्टीत मिणमिणणारा अर्ध्या मायक्रॉनचा कण यांत फरक करता येतो.

उलटी चूकही होते. काळ्या रंगाच्या बुरशीच्या बीजाणूंत मेलॅनिन असतं, ते प्रकाश गिळून टाकतं आणि चमक मंद होते. असा खराखुरा बीजाणू ‘धूळ’ म्हणून मोजला जाऊ शकतो.

परदेशातल्या स्वच्छ डोंगरमाथ्यावर ठरवलेल्या सीमारेषा पंचवटीत जशाच्या तशा लावणं मला पटत नाही. इथे हिवाळ्यात पहाटे गार हवा जमिनीलगत बसते, निफाडकडे तर पारा अनेकदा राज्यात सगळ्यात खाली जातो, आणि त्या थरात शेकोट्यांचा, वाहनांचा धूर अडकून राहतो. इथल्या धुराची, इथल्या मातीची आणि इथल्या परागांची मोजमापं आधी स्वतंत्र घ्यावी लागतील, मगच यंत्राच्या आकड्यावर विश्वास ठेवता येईल.

मग यंत्र प्रजाती ओळखूच शकत नाही?

फक्त दोन-तीन पट्ट्यांच्या चमकेवरून नाही. ट्रिप्टोफॅन सगळ्याच सजीवांत असतं. परागकणांच्या बाबतीत मात्र प्रगती झाली आहे. स्वित्झर्लंडमध्ये तयार झालेली काही यंत्रं चमकेचा पूर्ण वर्णपट घेतात, काही कणाच्या दोन बाजूंनी होलोग्राफिक प्रतिमा टिपतात आणि संगणकाला आधी शिकवलेल्या नमुन्यांशी ताडून प्रजाती सुचवतात. पण संगणकाला शिकवलेले पराग तिथल्या बर्च झाडांचे आणि तिथल्या गवतांचे. आपल्या सुबाभळीचा, गाजर गवताचा किंवा ज्वारी-बाजरीचा पराग त्याने पाहिलेलाच नसतो. हे नमुने जमवण्याचं काम इथल्याच वनस्पतिशास्त्र विभागांनी करायचं आहे, आणि त्याला महागडं यंत्र आधी लागत नाही. ताजी फुलं, योग्य नोंद आणि सूक्ष्मदर्शक पुरतो.

द्राक्षबागेत डाऊनी किंवा भुरी यायच्या आधी हे यंत्र सांगेल का?

डाऊनी आणि भुरी हे द्राक्षावरचे दोन रोग. हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

डाऊनीचे बीजाणू रात्री, दमट हवेत पानाच्या खालच्या बाजूला तयार होतात. वरून तेलकट डाग दिसतो आणि पान उलटं केलं की पांढरी बुरशी. ते हवेतून दुसऱ्या पानावर जातात आणि पान ओलं असेल तरच आत शिरतात. भुरीची तऱ्हा वेगळी. तिला पानावर पाणी साचलेलं लागत नाही, आणि तिचे बीजाणू दिवसा वाऱ्यावर पसरतात. म्हणजे रात्री-पहाटेचा चढ आणि दुपारचा चढ यांचा अर्थ वेगळा निघू शकतो. यंत्र दर मिनिटाची नोंद देतं, त्यामुळे असा दिनक्रम उघड होतो. चिकटपट्टीच्या सापळ्यातून तासातासाची माहिती मिळते, पण तीही पट्टी काढून मोजल्यावर.

अडचणी दोन. पहिली, चढ दिसला म्हणजे तो डाऊनीचाच असं नाही. शेजारच्या शेतातली मळणी, बांधावरचं गवत, कुजलेला पाला, सगळे त्यात येतात. दुसरी अडचण यंत्राच्या नळीत आहे. भुरीचे बीजाणू ३० मायक्रॉन किंवा त्याहून लांब असतात. इतका जड कण लांब, वळणदार नळीत भिंतीला चिकटतो आणि मोजणीपर्यंत पोचतच नाही. बागेत यंत्र लावायचं तर नळी सरळ, उभी आणि आखूड हवी. फवारणीचा ब्लोअर चालू असताना आणि त्यानंतर काही वेळ घेतलेल्या नोंदी वगळा, कारण फवारणीतली काही द्रव्यंही अतिनील प्रकाशात चमकू शकतात.

केवळ या आकड्यावर फवारणी ठरवू नका. पान किती तास ओलं राहिलं, तापमान, आर्द्रता, छाटणीपासूनचे दिवस हे आधी बघा. त्या जोडीला बीजाणू-सापळा आणि सूक्ष्मदर्शक ठेवा. ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना ढगाळ हवा आली की दिंडोरी-पिंपळगावच्या शेतकऱ्याची झोप उडते, हे मला माहीत आहे. म्हणूनच अर्धवट खात्रीचं यंत्र त्याच्या गळ्यात मारू नये असं मला वाटतं. गावाने किंवा शेतकरी कंपनीने मिळून एक यंत्र लावून दोन-तीन हंगाम सापळ्याशी पडताळलं, तर मात्र ते खर्चाचं चीज ठरेल. या यंत्रांची किंमत लाखोंत आहे, एकट्याने घ्यायची वस्तू नव्हे.

कांद्याच्या चाळीत उपयोग होईल?

चाळीत कांद्यावर येणारी काळी बुरशी बहुतेकदा ॲस्परजिलस नायजर असते. तिचे बीजाणू ४-५ मायक्रॉनचे आणि काळे, म्हणजे वर सांगितलेली मंद चमकेची अडचण इथे थेट येते. त्यात कांद्याच्या पातीचा आणि मातीचा धुरळा. इथे नाक आणि डोळे जास्त स्वस्त पडतात. मात्र कांदा निवडणाऱ्या बायामाणसांच्या श्वासात किती बीजाणू जातात हे कोणीतरी नीट मोजायला हवं, आणि तिथे हे यंत्र सापळ्यासोबत कामाला येईल. तोपर्यंत निवडणीच्या वेळी चांगला मास्क द्या, साधा रुमाल पुरत नाही.

आमच्या स्टेराइल विभागात प्लेट ठेवणं बंद करता येईल का?

इतक्यात नाही. (प्लेट म्हणजे हवेतले जंतू पडून वाढावेत म्हणून ठेवलेली पोषक थराची बशी.) सर्वात स्वच्छ, म्हणजे ग्रेड ए जागेत युरोपच्या २०२२ च्या सुधारित नियमांनुसार ०.५ मायक्रॉन आणि त्याहून मोठे कण घनमीटरला जास्तीत जास्त ३५२० चालतात, आणि वाढणारा जंतू एकही नको. साधा पार्टिकल काउंटर कण मोजतो, पण जिवंत-निर्जीव फरक करत नाही. प्लेट तो फरक करते, पण उबवणीला काही दिवस लागतात आणि तोवर बॅच पुढे गेलेली असते. फ्लुरोसन्सवर चालणारे काउंटर ही मधली पोकळी भरतात. दरवाजा उघडला, ग्लोव्ह फाटला, कोणी घाईने वाकलं, तर त्याच मिनिटाला चढ दिसतो. हे फार मोलाचं आहे, आणि जलद पद्धतींचा विचार करा असं तेच नियम सुचवतात.

पण यंत्राचा एक चमकणारा कण म्हणजे प्लेटवरची एक वसाहत नव्हे. मेलेला जिवाणू चमकतो, वसाहत करत नाही. चार जिवाणूंचा एक पुंजका यंत्र एकच कण मोजतं. गाऊनचा तंतूही चमकतो. ऑडिटरसमोर या दोन आकड्यांची सरळ बरोबरी मांडू नका. काही महिने दोन्ही शेजारी चालवा आणि तुमच्या खोलीचं नेहमीचं वागणं आधी समजून घ्या.

सिंहस्थाच्या गर्दीत साथीचा विषाणू पकडता येईल?

नाही. सुटा विषाणू इतका लहान असतो की त्याची चमक मोजमापाखाली राहते. तो थेंबात असला तरी दिसते ती थेंबातल्या प्रथिनांची चमक, आजाराची नव्हे. रामकुंडावरच्या गर्दीत त्वचेचे पापुद्रे, कपड्यांचे तंतू, धूप आणि कापराचा धूर यांनीच आकडा भरून जाईल. योग्य पद्धत अशी की यंत्राने अनपेक्षित चढ दाखवला की नमुना-संकलक आपोआप सुरू व्हावा आणि तो नमुना पीसीआरसाठी, म्हणजे विषाणूची जनुकीय ओळख पटवणाऱ्या चाचणीसाठी, जावा. गर्दीत साथ रोखायची असेल तर पैसा आधी पिण्याच्या पाण्यावर, शौचालयांवर आणि तापाच्या रुग्णांच्या नोंदींवर घालावा, असं माझं ठाम मत आहे.

मुलाला दमा आहे. घरासाठी असं काही घ्यावं का?

नको. घरगुती दर्जाचं भरवशाचं यंत्र नाही, आणि बाजारातला ‘एअर मॉनिटर’ सहसा फक्त धूळ मोजतो. त्या पैशात भिंतीची ओल दुरुस्त करा, कूलरची गवताची जाळी बदला, घराजवळचं गाजर गवत फुलायच्या आधी उपटून घ्या, तेही हातमोजे घालून आणि मुलाला लांब ठेवून. अल्टरनेरिया या बुरशीचा आणि तीव्र दम्याचा संबंध अभ्यासांतून पुढे आलेला आहे, त्यामुळे ओल ही बाब किरकोळ समजू नका. इन्हेलर डॉक्टरांना न विचारता बंद करू नका.

वादळी पावसात त्रास वाढतो का, असंही पालक विचारतात. २१ नोव्हेंबर २०१६ ला मेलबर्नमध्ये वादळाबरोबर गवताचे पराग फुटून बारीक झाले, हजारोंना श्वासाचा त्रास झाला आणि १० जणांचा मृत्यू झाला. अशा दिवशी मिनिटामिनिटाचं मोजमाप असणं किती गरजेचं आहे ते त्यावरून कळतं.

यंत्र किती हवा तपासतं, याने फरक पडतो?

खूप, आणि हा प्रश्न विकत घेणारे विचारायचं विसरतात. समजा यंत्र मिनिटाला ०.३ लिटर हवा तपासतं. तासाला १८ लिटर. म्हणजे एक घनमीटर तपासायला ५५ तासांहून जास्त. हवेत घनमीटरला ३० पराग असले, तर अशा यंत्राला जवळपास दोन तासांत एक दिसेल. बारीक बीजाणू आणि जिवाणू संख्येने जास्त असतात, त्यांच्यासाठी ते ठीक आहे. परागांसाठी मात्र मिनिटाला कित्येक लिटर हवा घेणारं यंत्रच हवं. १९५२ मध्ये हर्स्ट या शास्त्रज्ञाने इंग्लंडमध्ये बनवलेला चिकटपट्टीचा सापळा मिनिटाला १० लिटर हवा ओढतो, दिवसाला १४.४ घनमीटर, आणि आजही परागमोजणी त्याच्याशीच ताडून बघतात.

भारतात असं मोजमाप झालं आहे का?

हो. आयआयटी मद्रासच्या गटाने २०१४ च्या पावसाळ्यात मुन्नारला यूव्ही-एपीएस लावलं होतं. समुद्रावरून स्वच्छ वारा आणि पाऊस असताना चमकणारे कण कमी, वारा जमिनीवरून फिरला की जास्त, असं त्यांना दिसलं. आपल्या जिल्ह्यात पश्चिमेला इगतपुरीचा धो धो पाऊस आणि पूर्वेला येवला-नांदगावचा कोरडा पट्टा. दोन टोकांना दोन यंत्रं एकाच मोसमात लावली तर काय दिसेल, हे बघायची मला फार उत्सुकता आहे.

लांबूनच लेझर टाकून जैविक कणांचा ढग ओळखता येतो का?

लायडार नावाने हे तंत्र आहे. सूर्यप्रकाशात परत येणारी क्षीण चमक वेगळी काढणं अवघड जातं, म्हणून रात्री ते जास्त चांगलं चालतं. डोळ्यांच्या सुरक्षेचाही प्रश्न येतो. बंद पेटीतल्या यंत्रात तो धोका नसतो, झाकण उघडलं नाही तर.

विद्यार्थी आहोत, यंत्र नाही. सुरुवात कुठून करू?

काचपट्टीवर व्हॅसलिनचा पातळ थर द्या आणि ती गच्चीवर, पाऊस लागणार नाही अशा आडोशाला २४ तास ठेवा. तारीख, वेळ, वारा, पाऊस लिहून ठेवा. ४०० पट मोठं दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली काय पडलं ते मोजा आणि त्याची चित्रं काढा. विभागात फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शक असेल तर तीच पट्टी त्याखाली बघा: कोणता कण कोणत्या फिल्टरखाली चमकतो, काजळीचा ठिपका कसा दिसतो, तंतू कसा दिसतो. गाजर गवत, सुबाभूळ, मका यांचे ताजे पराग ओळख पटवून वेगळ्या पट्ट्यांवर ठेवा, म्हणजे तुलनेला हाताशी राहतील. २८० नॅनोमीटरच्या यूव्ही-एलईडीवर प्रयोग करायचा मोह होईल. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण डोळे आणि त्वचा दोन्ही भाजतो. तो बंद डब्यातच वापरा, चष्मा आणि हातमोजे घाला, आणि शिक्षक हजर असतानाच स्विच लावा.